घरचे दुभाषी
अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरातली, सोमालियातून आलेल्या कुटुंबांतली मुले ‘ना इकडची ना तिकडची’ होतात, हे मत मला अपुरे वाटते. १९९१ साली सोमालियाचे हुकूमशहा सियाद बारे यांची राजवट कोसळल्यावर देशोधडीला लागलेल्या अनेक कुटुंबांची बरीच वर्षे केनियातील दादाबसारख्या निर्वासित छावण्यांत गेली. त्यामुळे अमेरिकेत पोहोचलेल्या कित्येक मुलांना आईवडिलांचा देश नीट आठवतही नव्हता. शाळेत ती भराभर इंग्रजी शिकली आणि मग दवाखान्यात आईचे दुखणे डॉक्टरांना सांगणे, घरभाड्याचा करार वडिलांना समजावणे ही कामे त्यांच्याच अंगावर पडली. १९९५ साली अमेरिकेत आलेल्या इल्हान ओमर किशोरवयात आजोबांच्या दुभाषी म्हणून डेमोक्रॅटिक पक्षाच्या स्थानिक सभांना जात असत. २०१८ साली त्या काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून आल्या. मात्र प्रत्येकाच्या वाट्याला असे आजोबा येत नाहीत. वडीलधाऱ्यांची अगतिकता दिवसा परक्यांसमोर स्वतःच्या तोंडाने सांगायची आणि संध्याकाळी घरी त्यांचाच शब्द प्रमाण मानायचा, हा ताण मला पोशाखाच्या वा खाण्यापिण्याच्या भेदापेक्षा कितीतरी खोल वाटतो. निदान रुग्णालयांत तरी हे काम प्रशिक्षित दुभाष्यांकडेच असायला हवे.