मोरे गावी रविवारी १५ किमी पळायचंय, सोबत आई आहे. रस्ता सुचवा

मृण्मयी_वाई
नमस्कार मंडळी. मी पॅरिसच्या दक्षिण उपनगरात राहते, गाडी नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी स्पर्धेच्या तयारीचा माझा १५ किलोमीटरचा लाँग रन आहे. आई वाईहून आली आहे, वय ६८. तिला चौथ्या मजल्यावर एकटी बसवून पळायला जायला मन धजत नाही. म्हणून लुआँ नदीकाठचं मोरे-स्युर-लुआँ ठरवलंय. नाव ऐकूनच आई खूश झाली, "मोरे म्हणजे आपल्या जावळीकडचेच की!" ती नदीकाठी बसेल, मी पळून येईन. सपाट आणि बघायला सुंदर रस्ता हवा. दोघींचा मिळून खर्च ४० युरोच्या आत. रस्त्यावर पळायचे साधे शूज आहेत, नवे घेणार नाही. आई शाकाहारी आहे.

शशांक_तूलूझ
मोरे ठीक आहे, पण नदीकाठचं गाव म्हणजे दोर्दोन्य नदीवरचं ला रोक-गाजाक! मागे सोनेरी कडा, पुढे नदी आणि मध्ये घरांची एक ओळ. १९५७ मध्ये तिथला कडा कोसळून माणसं गेली, तरी गाव तिथेच उभं आहे. आम्ही गाडी भाड्याने घेऊन चार दिवस राहिलो. रोज सकाळी बेनाकच्या किल्ल्याकडे पळायचो. आईंना घेऊन जाच.

धावपटू_पार्ले
लोत नदीवरचं सँ-सिर्क-लापोपी कुणी कसं सुचवलं नाही? बूझिएसजवळ बोटी ओढणाऱ्यांसाठी कडा कोरून काढलेली वाट आहे. डोक्यावर खडक, पायाखाली खडक, शेजारी पाणी. मी तिथे २२ किमी केले, तेही पावसात. आयुष्यातला सर्वात चांगला रन.

मृण्मयी_वाई
दोन्ही जागा छानच असणार, पण पॅरिसहून एका दिवसात जाऊन येणं होणार नाही. गाडीही नाही.

कास_पठार
मोरेला जाणार असाल तर नदी सोडा, जंगलात जा. फोंतेनब्लोचं जंगल तिथून लागूनच आहे. देनकूर नावाच्या माणसाने १८४० च्या दशकात तिथे खुणा करून चालायच्या वाटा आखल्या, त्यांच्या निळ्या रेघा आजही झाडांवर दिसतात. दगड, पाइन, पांढरी वाळू. मात्र ट्रेल शूज हवेतच. मी दीडशे युरोचे घेतले, दोन वर्षं झाली, एकदाही घसरलो नाही.

लियोंकर
त्या वाळूत पोटऱ्यांचं काय होतं ते माझ्याकडून ऐका. मागच्या वर्षी तिथे १२ किमी केले आणि तीन आठवडे टाच दुखली. वाळूत पाय मागे सरकतो, ताण पोटरीवर आणि टाचेवर येतो. स्पर्धा तोंडावर असताना हा धोका घेऊ नका. शिवाय जंगलात गोचिड्या आहेत. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत बघायलाच हवं. लाइमचा आजार साधा नसतो.

कास_पठार
टाच शूजमुळे दुखली असेल. वाळूचा दोष नाही.

लियोंकर
शूज तुमच्याच कंपनीचे होते.

तुळशीबाग७५
ताई, स्पर्धेची नोंदणी झाली का? २०२४ पासून इथे मोठ्यांना डॉक्टरचा दाखला लागत नाही, ऑनलाइन आरोग्यविषयक सूचना बघून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. मी शेवटच्या रात्री धावपळ केली होती म्हणून सांगतेय.

नेमूरचे_नाना
पोरी, मी या भागात २६ वर्षं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मोरेचं स्टेशन गावात नाही. तिथून जुन्या वेशीपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं चालावं लागतं, आईंच्या गुडघ्यांचा विचार कर. पॅरिसच्या गार द लियों स्टेशनहून आर लाइनची गाडी पाऊण-एक तासात पोचवते. वाटेत रुळांचं काम नाही ना, हे शनिवारी रात्रीच बघून ठेव. रविवारी पहाटे घड्याळं एक तास मागे जातात. सकाळी लवकर उजाडेल, पण संध्याकाळी सहाच्या आतच सूर्य मावळेल.

गावाला दोन वेशी आहेत, सामुआची आणि बुर्गोन्यची. बुर्गोन्यच्या वेशीतून बाहेर पडलीस की नदीवरचा पूल लागतो. पूल ओलांडून पलीकडच्या गवतावर आईंना बसव. तिथून चर्च, वेस, पूल आणि पाणी एका नजरेत दिसतं. सिस्ले हा चित्रकार १८८० पासून याच परिसरात राहिला आणि १८९९ मध्ये मोरेतच वारला. गावातलं चर्च त्याने १८९३-९४ मध्ये वेगवेगळ्या उजेडात पुन्हा पुन्हा रंगवलं. सकाळी नऊला एकदा बघ आणि अकराला पुन्हा बघ, म्हणजे कळेल त्याला काय दिसत होतं.

पळायला लुआँच्या कालव्याचा काठ धर. अठराव्या शतकातला कालवा आहे, ४९ किलोमीटर लांब. घोडे बोटी ओढत त्या वाटेने जायचे. एकही चढ नाही, रस्त्याचे शूज चालतील. एक्युएल, एपिझीची पाणथळ, तसं सरळ जायचं आणि साडेसात किमीला मागे फिरायचं. नाहीतर गाडीने मोंतिन्यीला उतरून पळत मोरेला ये, एकच वाट परत करावी लागत नाही.

धावपटू_पार्ले
कालव्याचा काठ कंटाळवाणा. सरळ रेघ, दोन्हीकडे झाडं. मोंतिन्यीहून एकतर्फी येणं मात्र उत्तम, मीही तेच सांगणार होतो.

शशांक_तूलूझ
जेवणाचं काय? नदीकाठच्या हॉटेलात बदकाचा बेत घ्या. माणशी ३५ ला पोटभर होतं.

तुळशीबाग७५
आई शाकाहारी आहेत, आणि ४० युरो दोघींचे आहेत! हिशेब असा: गाडीचं एकेरी तिकीट २०२५ मध्ये अडीच युरो होतं. त्या दराने दोघींचं जाणं-येणं दहा. ताईंकडे महिन्याचा पास असेल तर पाचच. रविवारी दुपारनंतर बेकरी बंद मिळते, तेव्हा दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घरून न्या. उरलेल्या पैशात आईंना गावची जवाची खडीसाखर घ्या. मोरेच्या मठातल्या नन्सनी ती १६३८ मध्ये करायला घेतली असं सांगतात. आणि स्वच्छतागृह! कॅफेत कॉफी घेतली की आत जाता येतं, हे आईंना आधीच समजावून ठेवा. माझ्या सासूबाई संकोचाने चार तास तशाच बसल्या होत्या, मला आजही वाईट वाटतं.

कास_पठार
पाणी कुठे भरणार? फ्रान्सच्या खेड्यात पळणाऱ्यांनी दफनभूमी लक्षात ठेवावी. फुलांसाठी तिथे नळ असतो. पाणी पिण्याजोगं नसेल तर तशी पाटी असते, ती वाचा. आणि जंगलात शिकार चालू असल्याचा फलक दिसला तर मागे वळा. हा हंगाम शिकारीचाच आहे.

लियोंकर
आठवडाभर पाऊस झाला तर पूर-सूचनेच्या सरकारी संकेतस्थळावर लुआँच्या इशाऱ्याचा रंग बघा. २०१६ च्या जूनमध्ये या नदीने नेमूर बुडवलं होतं. हिरवा असेल तरच जा.

नेमूरचे_नाना
लियोंकर बरोबर सांगतात. तो पूर मी पाहिला आहे. तळघरातलं सगळं गेलं, लग्नाचे फोटोसुद्धा.

मृण्मयी_वाई
नाना, वाचून फार वाईट वाटलं.
सगळ्यांचं दोनदा वाचलं. मोंतिन्यीहून एकतर्फी येण्याचा मोह खूप होतोय. पण मग आई अनोळखी गावात दीड तास एकटी, तिला फ्रेंच येत नाही. म्हणून मी लुआँ-सीनच्या संगमावरच्या सँ-मामेसपर्यंतच जाऊन परत येणार, चार वेळा.

धावपटू_पार्ले
एकाच दोन किलोमीटरच्या तुकड्यावर चार फेऱ्या? मैदानावरच पळा की मग.

कास_पठार
सहमत. इतक्या लांब जाऊन जंगल सोडायचं?

नेमूरचे_नाना
रविवारी सकाळी सँ-मामेसला सीनच्या धक्क्यावर बाजार असतो. गर्दीत पळता येणार नाही, संगमाच्या अलीकडूनच वळ.

मृण्मयी_वाई
जाऊन आलो. वृत्तांत लिहिते.

एक फेरी घड्याळात चार किलोमीटर भरली, एकूण सोळा झाले. आईला नानांनी सांगितलेल्या गवतावर घोंगडी टाकून बसवलं. पहिल्या फेरीला पाण्यावर धुकं होतं, चर्चचा फक्त वरचा भाग दिसत होता. दुसऱ्या फेरीला ऊन वेशीवर आलं. तिसऱ्या फेरीला चर्चचा दगड मधासारखा पिवळा झाला होता आणि आई जागेवर नव्हती. काळजात धस्स झालं. बघते तर ती पुलावर उभी राहून एका आजींना पदराचं टोक दाखवत होती, त्या हात लावून विणकाम बघत होत्या. दोघी आपापल्या भाषेत बोलत होत्या. संगमावर मालवाहू बोटी ओळीने बांधलेल्या होत्या. पळून झाल्यावर आम्ही दोघी सावकाश सँ-मामेसच्या बाजारात गेलो आणि तिथल्याच स्टेशनवरून परतलो. एकूण खर्च २३ युरो, त्यात खडीसाखरेचा डबा आला. नदीला पायऱ्या नाहीत, पाण्यात पाय कसे सोडायचे, एवढीच आईची तक्रार. आमच्याकडे घाट आहेत ना.

तुळशीबागताई, कॉफीचं आधीच समजावलं होतं. फार उपयोग झाला.

कास_पठार
टाच कशी आहे?

मृण्मयी_वाई
काहीच दुखत नाही.

नेमूरचे_नाना
छान केलंस. पुढच्या खेपेला मोंतिन्यीहून ये, आईंजवळ मी आणि माझी बायको बसतो.

मृण्मयी_वाई
नाना, नक्की या, पण फेऱ्या याच मारेन. आईचं परतीचं तिकीट १२ नोव्हेंबरचं आहे, मध्ये एकच रविवार मोकळा आहे.