फळमाशीच्या अळीत पेरॉक्साइड मोजायचंय: डाय सोडून आरओजीएफपीकडे वळू का?

फळमाशी_पुणे

नमस्कार मंडळी. पीएचडीचं दुसरं वर्ष चालू आहे. अळ्या उपाशी ठेवल्या की त्यांच्या फॅट बॉडीत (चरबी साठवणाऱ्या अवयवात) हायड्रोजन पेरॉक्साइड वाढतं का, हे बघायचं आहे. आत्तापर्यंत डीसीएफ डाय (ऑक्सिडाइज झाला की हिरवा चमकणारा रंग) वापरत होते. उपाशी अळीची फॅट बॉडी हिरवीगार चमकते, पण पोट भरलेल्या अळीचीही चमकते, आणि मायक्रोस्कोपखाली जितका वेळ ठेवावी तितकी चमक वाढतच जाते. या चित्रांवरून ‘आरओएस (ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू) वाढले’ असं लिहायला मन धजत नाही.

आता आरओजीएफपी-२च्या (पेशीतलं ऑक्सिडीकरण दाखवणाऱ्या चमकत्या प्रथिनाच्या) माशा मिळाल्या आहेत, एक ग्लुटारेडॉक्सिन जोडलेली आणि एक ओआरपी-१ जोडलेली. कॉन्फोकल मायक्रोस्कोपवर ४०५ आणि ४८८ नॅनोमीटरचे दोन्ही लेझर आहेत. यातली कुठली लाइन घेऊ? टिश्यू फिक्स केला (रसायनाने आहे तसा स्थिर केला) तर चालतो का? आणि एकाच जीनोटाइपचा रेशो (दोन लेझरने मिळणाऱ्या चमकेचं गुणोत्तर) सोमवारी एक आणि गुरुवारी भलताच का येतो?

चंदेरी

डायबद्दलची तुमची शंका अगदी रास्त आहे. डीसीएफची पेरॉक्साइडशी थेट अभिक्रिया होतच नाही म्हटलं तरी चालेल. त्याला मध्यस्थ लागतो, म्हणजे लोह, सायटोक्रोम-सी किंवा एखादं पेरॉक्सिडेज. त्यामुळे पेशीत मोकळं लोह वाढलं तरी चमक वाढते. त्यात हा डाय स्वतःही पेरॉक्साइड तयार करतो, उजेडाने ऑक्सिडाइज होतो आणि एकदा चमकला की मागे फिरत नाही. पेरॉक्साइड वाढून परत खाली आलं, तर ते त्यात कधीच दिसणार नाही.

आरओजीएफपी-२मध्ये जीएफपीच्या (हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाच्या) पृष्ठभागावर १४७ आणि २०४ या जागी दोन सिस्टीन (गंधक असलेली अमिनो आम्लं) शेजारी-शेजारी बसवलेले आहेत. त्यांच्यात डायसल्फाइड (गंधक-गंधक) बंध जुळला की ४०५ने मिळणारी चमक वाढते आणि ४८८ने मिळणारी घटते. बंध सुटला की उलट. दोन्ही वेळा उत्सर्जन ५१० नॅनोमीटरच्या आसपासच. म्हणून रेशो काढला की कुठल्या पेशीत प्रथिन जास्त बनलं, कुठे टिश्यू जाड आहे, हा भाग बाद होतो. आणि हा बंध पेशी स्वतः परत सोडवू शकते.

तुमचा प्रश्न पेरॉक्साइडचा आहे, तर ओआरपी-१ची लाइन घ्या. ओआरपी-१ हे यीस्टचं पेरॉक्सिडेज. पेरॉक्साइड आधी त्याच्या सिस्टीनला गाठतं आणि तिथून ऑक्सिडीकरण आरओजीएफपीकडे सरकतं. ग्लुटारेडॉक्सिनची लाइन ग्लुटाथायोनचा (पेशीतल्या ऑक्सिडीकरण रोखणाऱ्या रेणूचा) रेडॉक्स पोटेन्शियल (ऑक्सिडीकरण-क्षपणाचा तोल) दाखवते, तो वेगळा प्रश्न आहे. मात्र ओआरपी-१चा आकडा म्हणजे पेरॉक्साइडचं मायक्रोमोलरमधलं प्रमाण नव्हे. एका बाजूने पेरॉक्साइड बंध जोडतंय, दुसरीकडून पेशीची क्षपण (ऑक्सिडीकरणाच्या उलट) यंत्रणा तो सोडवतेय, त्या ओढाताणीत काटा जिथे थांबतो तो तुमचा आकडा. उपासाने क्षपणाची बाजू कमजोर झाली तरी काटा हलेल. म्हणून दोन्ही लाइन शेजारी ठेवून बघा असं मी आग्रहाने सांगेन.

आता फिक्सिंग. नुसत्या पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये टाकलंत तर फिक्स होता होताच सेन्सर ऑक्सिडाइज होत जातो. आधी थायोल (सिस्टीनमधले गंधकाचे गट) गोठवायला हवेत. हायडेलबर्गच्या जर्मन कर्करोग संशोधन केंद्रात टोबियास डिक यांच्या गटाने या माशा तयार केल्या (२०११चा पेपर, सेल मेटाबोलिझममध्ये). त्यात विच्छेदनच २० मिलिमोलर एनईएम (एन-इथाइलमॅलिमाइड) घातलेल्या पीबीएसमध्ये (फॉस्फेटच्या खारट द्रावणात) केलं आहे. मोकळ्या सिस्टीनवर एनईएम कायमचं चिकटतं आणि त्या क्षणाची अवस्था टिकते. मी चिमटा लावण्याआधीच थेंब एनईएमचा असेल याची काळजी घेते, कारण अळी फाडल्यावर फॅट बॉडीला हवा लागते आणि तिथेच गडबड सुरू होते. एनईएम रोज ताजं करा, पाण्यात ते टिकत नाही. विषारी आहे, हातमोजे विसरू नका.

सोमवार-गुरुवारचं कोडं बहुतेक कॅलिब्रेशनचं आहे. लेझरची ताकद किंवा डिटेक्टरचा गेन जरा हलला की कच्चा रेशो हलतो. म्हणून प्रत्येक वेळी, त्याच दिवशी, त्याच सेटिंगवर, त्याच टिश्यूचे आणखी दोन नमुने हवेत: एक डायअमाइडने पूर्ण ऑक्सिडाइज केलेला, दुसरा डीटीटीने पूर्ण क्षपित केलेला. डीटीटी नीट धुऊन मगच एनईएम घाला, नाहीतर डीटीटीच ते खाऊन टाकतं. या दोन टोकांच्या मध्ये तुमचा नमुना कुठे बसतो, ते म्हणजे ऑक्सिडीकरणाचं प्रमाण. ते शून्य ते एकमध्ये येतं आणि दुसऱ्या दिवसाशी, दुसऱ्या लॅबशी ताडता येतं. ही दोन टोकं नसलेला रंगीत रेशोचा फोटो कितीही देखणा असला तरी मी त्यावर विश्वास ठेवत नाही.

त्या पेपरमध्ये आयुष्य वाढवणाऱ्या परिस्थितीत ऑक्सिडंट कमी झालेले दिसले नाहीत, आणि माशांना एनएसी (एन-असिटिल सिस्टीन) हे ‘अँटिऑक्सिडंट’ खायला घातल्यावर आतड्याच्या पेशींच्या मायटोकॉन्ड्रियात उलट ऑक्सिडीकरण दिसलं. टिश्यूगणिक आणि पेशीतल्या कप्प्यागणिक गोष्ट बदलते. ‘शरीरातला ऑक्सिडेटिव्ह ताण’ असं सरसकट बोलणं म्हणूनच मला पटत नाही.

सूत्रकृमी

मी सी. एलिगन्स या सूत्रकृमीवर काम करतो. चंदेरीताईंनी लिहिलेल्यात दोन गोष्टींची भर.

आमच्याकडे कृमी हलू नये म्हणून सोडियम अझाइड वापरायची सर्रास पद्धत आहे. रेडॉक्सच्या प्रयोगात ते चालत नाही. अझाइड मायटोकॉन्ड्रियाची श्वसनसाखळी चौथ्या कॉम्प्लेक्सवर अडवतं, वर पेरॉक्साइड मोडणारं कॅटालेजही बंद पाडतं. जे मोजायचं तेच आपण बदलून बसतो. मी त्याऐवजी लेव्हामिसोल वापरतो.

दुसरं, ४०५वर टिश्यूची स्वतःची चमक. कृमीच्या आतड्यातले कण त्या लेझरखाली इतके उजळतात की सगळं ऑक्सिडाइज झाल्यासारखं वाटतं. सेन्सर नसलेला प्राणी त्याच सेटिंगवर बघा आणि ती चमक वजा करा. जिवंत प्राणी बघत असाल तर लेझर ओळीगणिक बदला, नाहीतर दोन चित्रांच्या मध्ये तो हलतो आणि कडेला खोटा रेशो दिसतो.

निमवैद्य

माझं क्षेत्र टीबी, माशीतलं कळत नाही. पण हेच आरओजीएफपी-२ टीबीच्या जंतूत घालून अमित सिंग यांच्या गटाने फार मोठं काम केलं आहे, आधी दिल्लीच्या आयसीजीईबी या जैवतंत्रज्ञान संस्थेत आणि मग बंगळूरच्या आयआयएससीत. या जंतूत ग्लुटाथायोन नसतं, त्याऐवजी मायकोथायोल असतं. म्हणून त्यांनी ग्लुटारेडॉक्सिनच्या जागी मायकोरेडॉक्सिन जोडलं. २०१४च्या पेपरमध्ये दिसलं की मॅक्रोफेजमधले (जंतू गिळणाऱ्या पेशींमधले) सगळे जंतू सारखे नसतात. काही ऑक्सिडाइज, काही मधले, काही जास्त क्षपित, आणि औषधाला दाद न देणारे या शेवटच्या गटातले. पुढे २०१९मध्ये क्लोरोक्वीन वापरून ही सहनशीलता कमी करता येते, हे त्यांनी प्राण्यांतही दाखवलं. सरासरी काढली असती तर यातलं काहीच हाती लागलं नसतं. तुम्हीही फॅट बॉडीची सरासरी काढण्याआधी पेशी-पेशी बघा.

फळमाशी_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. आता पोट भरलेल्या आणि उपाशी अशा दोन्ही गटांसाठी डायअमाइड आणि डीटीटीची टोकं वेगळी घेईन, शिवाय सेन्सर नसलेल्या अळ्याही. एक शंका राहिली. उपासाने पेशीचा पीएच बदलत असेल तर?

चंदेरी

आरओजीएफपी-२चा रेशो पेशीतल्या नेहमीच्या पीएचच्या टप्प्यात फारसा हलत नाही, म्हणून ओआरपी-१च्या लाइनला फार धोका नाही. हायपर नावाच्या दुसऱ्या पेरॉक्साइड सेन्सरच्या पहिल्या आवृत्तीला मात्र पीएच चांगलाच बाधायचा, तिला सायफरचा (पेरॉक्साइडला न जुमानणाऱ्या, फक्त पीएच दाखवणाऱ्या हायपरचा) कंट्रोल लावावाच लागे. ग्लुटारेडॉक्सिनच्या लाइनवरून मिलिव्होल्ट काढणार असाल तर नेर्न्स्टच्या (पोटेन्शियल काढण्याच्या) समीकरणात खरा पीएच घालावा लागेल. नुसतं ऑक्सिडीकरणाचं प्रमाण देणार असाल तर नाही. पहिल्या खेपेला तेवढंच द्या.