लॉस एंजेलिसमधलं रोजचं येणं-जाणं : तुमचे अनुभव

लॉस एंजेलिसबद्दल आपल्याकडे वाचायला मिळतं ते बहुतेक दोन दिवसांच्या सहलीचं. हॉलीवूडची पाटी, युनिव्हर्सल स्टुडिओ, की चालले लास व्हेगासला. इथे राहणारे कामावर कसे पोचतात, गाडी नसेल तर काय करतात, आईबाबा आले की काय होतं, ते इथे लिहा. प्रेक्षणीय स्थळांची यादी नको. सुरुवात मीच करते.

आम्ही आर्टेशियाच्या बाजूला राहतो. पायोनियर बुलेव्हार्डवर कढीपत्त्यापासून साडीपर्यंत सगळं मिळतं, त्या बाबतीत सुख आहे. नवऱ्याचं ऑफिस मात्र सांता मोनिकात. अंतर पन्नास किलोमीटरच्या आतलंच, पण सातनंतर निघालं की दीड तास गेलाच. म्हणून तो उजाडायच्या आत निघतो, तिकडेच जिमला जातो, डबा गाडीत. रात्रीचं जेवण किती वाजता ते ४०५ फ्रीवे ठरवतो. मैत्रीवरही परिणाम होतोच. ४०५ च्या पलीकडची मंडळी थेट गणपतीत भेटतात.

बर्बँकहून

मी संकलन सहायक. 'ऑफिसजवळ घर घ्या' हा सल्ला आमच्या धंद्यात चालत नाही. आज काम बर्बँकला, ही मालिका संपली की कल्व्हर सिटी, मग आणखी कुठे. बेव्हर्ली आणि ला सिएनेगा या रस्त्यांच्या चौकापासून ३० मैलांचं एक वर्तुळ धरतात. शूटिंग त्याच्या आत असेल तर आपलं आपण पोचायचं, बाहेर गेलं की प्रवास-मुक्कामाचे वेगळे नियम लागतात. (टीएमझी या गॉसिपवाल्यांचं नाव ह्याच 'थर्टी माइल झोन'वरून.)

रस्त्यात खांबांना शूटिंगची वाट दाखवणारे पिवळे बोर्ड दिसले तर नीट बघा. सिनेमाचं खरं नाव नसतं, भलताच एखादा शब्द असतो. तोच शब्द वर सरळ, खाली उलटा आणि मध्ये बाण. बोर्ड फिरवून लावला की बाण दुसरीकडे आणि शब्द तरीही वाचता येतो. पहाटे पाचच्या कॉलटाइमला (सेटवर हजर व्हायच्या वेळेला) अंधारात मोबाइलच्या नकाशापेक्षा ह्या बोर्डावर माझा जास्त भरवसा. शेजाऱ्यांना मात्र त्यांचा वैताग, कारण युनिटचे ट्रक आले की अख्ख्या गल्लीतलं पार्किंग गेलं.

यूएससीची विद्यार्थिनी

गाडी नाही, आणि नाही म्हटलं की लोक असा चेहरा करतात जणू घरात काही वाईट घडलंय. मेट्रो रेल्वेची ई लाइन कॉलेजच्या दारात थांबते. २०१६ पासून ती थेट सांता मोनिकाला जाते. टॅप या तिकीटकार्डावर १.७५ डॉलर, आणि दोन तासांत गाड्या बदलल्या तरी तेवढेच. अडतं ते स्टेशनपासून पुढे. रात्री दहानंतर बस कमी होतात, आणि स्टॉप म्हणजे भर उन्हात नुसता खांब. ऑस्करच्या दिवशी तर हॉलीवूड/हायलँड स्टेशनात गाडी थांबतच नाही, सरळ पुढे जाते.

पसाडेनाहून, मुक्काम मुलाकडे

सूनबाई पहिल्याच सकाळी म्हणाली, "बाबा, गाडीत बसा, वॉकला जायचंय." आम्ही ठाण्याची माणसं, चालायला जायला गाडी लागते हे नवीनच! मग मी ए लाइन शोधून काढली. घरापासून स्टेशन दहा मिनिटांवर, आणि एकाच गाडीने थेट लाँग बीच. बासष्टच्या पुढच्यांना भाडं निम्म्याहून कमी. डब्यात कधी वास येतो, कुणी बेघर माणूस झोपलेला असतो, मुलगा काळजी करतो. मला आजवर कुणी त्रास दिलेला नाही.

या शहरात पूर्वी लाल ट्राम गाड्यांचं मोठं जाळं होतं. त्यातली शेवटची १९६१ साली बंद झाली, लाँग बीचचीच. आपली मुंबईची ट्राम १९६४ पर्यंत चालली, ती मला अंधुक आठवते. आपण पुन्हा काही ती आणली नाही. यांनी १९९० मध्ये बऱ्याचशा त्याच मार्गावर रेल्वे सुरू केली.

एन्सिनोहून

आजोबा, कौतुक मान्य, पण दोन मुलं, शाळा, क्रिकेटचं किट आणि किराणा घेऊन ट्रेनने फिरून दाखवा. गाडीला पर्याय नाही. मात्र रस्ता रुंद करून प्रश्न सुटतो हेही खोटं. ४०५ वरच्या सेपुल्वेदाच्या खिंडीत काही वर्षं खोदकाम करून २०१४ मध्ये कारपूलची (एकाहून जास्त माणसं असलेल्या गाड्यांची) नवी लेन उघडली, संध्याकाळी रांग तशीच. एक फायदा आहे : मागच्या सीटवरचं तान्हं बाळही माणूस म्हणून मोजतात, त्यामुळे पाळणाघराच्या दिवसांत मी ऐटीत कारपूल लेनने.

नवीन येणारी

कल्व्हर सिटीत नोकरी मिळाली आहे, ऑगस्टमध्ये येतेय. भारतातलं लायसन्स आहे, पण पुण्यात स्कूटरच चालवली. घर कुठे बघू?

यूएससीची विद्यार्थिनी

अगं, ई लाइनवर बघ, पाम्सच्या आसपास. ऑफिस स्टेशनपासून किती लांब ते आधी नकाशात मोज. गाडी घेतलीसच तर इथे स्थायिक झाल्यावर दहा दिवसांत कॅलिफोर्नियाचं लायसन्स काढावं लागतं. आणि भाडेकरारावर सही करण्याआधी पार्किंगची जागा भाड्यात आहे का ते विचार. नाहीतर रस्ता झाडायच्या दिवशी सकाळी सातला गाडी हलवायला पळशील.