‘हॉटेल मुंबई’ म्हणे अगदी जसंच्या तसं!

मेनलाइन: काल इथे एकाने लिहिलं, “हॉटेल मुंबई बघाच, २६/११ जसंच्या तसं उभं केलंय.” अंगावर काटा माझ्याही आला, नाही असं नाही. पण जसंच्या तसं? सीएसटीला ५८ माणसं गेली. सिनेमात तुम्ही पाणी प्यायला उठलात की सीएसटी संपलं. पुढे सगळं ताज. जिने, झुंबरं, परदेशी पाहुणे, त्यांचं तान्हं बाळ. करकरे, कामटे, साळसकर गेले ती रंगभवनची गल्ली नाही, कसाबला धरणारे ओंबळे नाहीत. मुंबईकर म्हणजे पगडीवाला देव पटेल आणि शेफ अनुपम खेर.

कढीपत्ता: नावातच हॉटेल आहे हो. ‘स्टेशन मुंबई’ तुम्ही काढा, पहिलं तिकीट माझं. आणि अतिरेक्यांना फोनवर मिळणारे ते हुकूम ऐकलेत ना? पोलिसांनी टिपलेल्या खऱ्या संभाषणांवर बेतलेत. ताजच्या सरव्यवस्थापकाची बायको आणि दोन मुलं सहाव्या मजल्यावर गेली, तरी तो माणूस पाहुण्यांना बाहेर काढत होता. तिथले लोक मेले ते काय कमी मेले?

मेनलाइन: कमी मेले असं मी कुठे म्हटलं?

जुना_पास: सीएसटी, कामा हॉस्पिटल, ओंबळे सगळं हवं असेल तर रामूचा, म्हणजे राम गोपाल वर्माचा ‘द अटॅक्स ऑफ २६/११’ बघा. २०१३चा. शवागारातला नाना पाटेकर एकटा अख्ख्या ‘हॉटेल मुंबई’ला भारी आहे.

सुमेधा_ठाणे: रामूचं नाव नको! कारवाई संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी हा मुख्यमंत्र्यांबरोबर ताज बघत फिरत होता. भिंतीवरचं रक्त वाळलं नव्हतं आणि साहेबांना लोकेशन दिसत होतं. त्याच्या सिनेमाला मी एक रुपया दिला नाही, देणारही नाही.

मांजराकाठ: लोकेशन बघायला गेलो नव्हतो असं रामूने नंतर सांगितलं होतं. पण खुर्ची कुणाची गेली? विलासरावांची. एका फेरीपायी.

सुमेधा_ठाणे: लातूरचे का? वाटलंच.

मांजराकाठ: हो, लातूरचा. त्यात लाजायचं काय? आबांचं, आर. आर. पाटलांचं गृहमंत्रिपदही ‘बड्या शहरांत छोटे हादसे होतात’ या वाक्यापायी गेलं. बोटी समुद्रातून आल्या आणि राजीनामे मंत्रालयातून घेतले.

जुना_पास: केंद्रीय गृहमंत्र्यांनीही दिला होता, विसरलात. पूर्ण सांगा की.

कढीपत्ता: अहो, धागा सिनेमाचा आहे.

मेनलाइन: लिहिणार नव्हतो. माझे बाबा त्या रात्री सीएसटीला मेनलाइनच्या, म्हणजे लांबच्या गाड्यांच्या हॉलमध्ये होते. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सोलापूरला जायचं होतं, लग्नाला. पेपर अंथरून बसले होते. शेजारच्या माणसाला “जरा बॅगेकडे बघा” म्हणाले आणि बाटली भरायला नळावर गेले. आधी वाटलं फटाके. मग स्टेशनवर घोषणा करणाऱ्या झेंड्यांचा आवाज स्पीकरवर, मागच्या बाजूने बाहेर पडा म्हणून, पुन्हा पुन्हा. बाबा त्या आवाजामागे चालत सुटले, हातात बाटली तशीच, बूच नळावर राहिलेलं. बॅग बऱ्याच दिवसांनी परत मिळाली. आहेरही होता आत. तो माणूस कोण होता, त्याचं काय झालं, बाबांना आजही माहीत नाही. मी त्यांना ‘हॉटेल मुंबई’ लावून दिला. सीएसटी आलं आणि गेलं. बाबा म्हणाले, “झालं?”

सुमेधा_ठाणे: काय बोलू.

कढीपत्ता: वडिलांबद्दल ऐकून वाईट वाटलं, मनापासून. ‘जसंच्या तसं’ हा शब्द चुकला, मान्य. पण म्हणून सिनेमा वाईट ठरत नाही. मी दोनदा पाहिलाय आणि दोन्ही वेळा रडलोय, आता काय माफी मागू?

मेनलाइन: रडा की. फक्त सीएसटीला पाणी प्यायला उठू नका.

मांजराकाठ: सगळं ठीक आहे, पण ताजच्या त्या फेरीत विलासरावांबरोबर गेलेल्या त्यांच्या मुलाचा, रितेशचा काय दोष होता, हे अजून कुणी सांगितलेलं नाही.