इस्टेट गाडीत चौघं आणि दीडशे किलो सामान: काय कुठे ठेवायचं, सीट कशा लावायच्या?

चौथागिअर

नमस्कार मंडळी. गाडी पाच सीटची इस्टेट (मागे लांब डिकी असलेली, डिकी आणि सीटांमध्ये भिंत नसलेली), मागची सीट ६०:४० अशा दोन भागांत दुमडणारी. माणसं चार: पुढे दोघं मोठे, मागे एक आठ वर्षांचं मूल (पाठ असलेला बूस्टर, म्हणजे मुलाला उंच बसवणारी सीट) आणि एक दहा महिन्यांचं बाळ. बाळाची सीट पाठमोरी, आयसोफिक्सची (गाडीतल्या पक्क्या कड्यांना थेट अडकणारी), तळाला टेकणारा पाय असलेली.

सामान असं: पुस्तकांची ३ खोकी (प्रत्येकी २० किलो), २ सुटकेसा (प्रत्येकी १८), तंबू आणि चटया मिळून १५, घडीची सायकल १२, आणि फळ्यांचं एक लांब खोकं, २.१ मीटर, २२ किलो. एकूण साधारण १४५ किलो.

विचारायचं असं की,
१) मागच्या सीटची पाठ एवढं वजन अडवते का, की बांधावंच लागतं?
२) लांब खोक्यासाठी ४० टक्क्यांचा भाग पाडावा का?
३) जागेसाठी ड्रायव्हरची सीट थोडी पुढे घेतली तर चालेल का?

एक्सलवाला

आधी वजनाचा हिशेब, मग जागेचा. गाडीच्या कागदपत्रात कमाल एकूण वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन दिलेलं असतं; दोन्हींतला फरक म्हणजे तुमच्या हातातली मर्यादा. रिकाम्या वजनात काही ठिकाणी ७५ किलोचा चालक धरलेला असतो, काही ठिकाणी नसतो, ते पाहून घ्या. त्या फरकातून माणसं, मुलांच्या सीटा आणि छतावर आडवे बार लावणार असाल तर तेही वजा करा. बहुतेक इस्टेट गाड्यांत १४५ किलो बसून जातात. मात्र मागच्या एक्सलची (दोन चाकांना जोडणाऱ्या आसाची) मर्यादा वेगळी लिहिलेली असते आणि एकूण वजनाच्या आत राहूनही ती ओलांडली जाऊ शकते.

कारण असं. पुस्तकांची ६० किलो सीटच्या पाठीला चिकटवून ठेवली तर ती साधारण मागच्या एक्सलच्या वर येतात. तीच मागच्या दाराशी, एक्सलच्या ८० सेंमी मागे ठेवली आणि दोन एक्सलमधलं अंतर २.७ मीटर असेल, तर पुढच्या चाकांवरून सुमारे १८ किलो उचलले जातात आणि मागच्यांवर ७८ पडतात. स्टिअरिंग हलकं लागतं, ओल्या रस्त्यावर पुढची चाकं लवकर घसरतात आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात.

म्हणून पुस्तकं अगदी तळाला आणि अगदी पुढे. दोन्ही बाजूंच्या चाकांच्या कमानींमध्ये साधारण एक मीटर रुंदी मिळते. ३० सेंमी रुंदीची तीन खोकी शेजारी शेजारी लावा, एकावर एक नको. खोकं अर्धवट भरलेलं नसावं आणि तळाची जोडणी पट्टीसकट आडव्या टेपने बंद केलेली असावी. खोकं फुटलं की २० किलोचं एक सामान उरत नाही, पन्नास सुटी पुस्तकं होतात, आणि मग पट्टा कुणाला धरणार?

आता तुमचा पहिला प्रश्न. ताशी ५० किमी वेगाने धडक बसली तर गाडीचा वेग सुमारे २० जी (गुरुत्वाकर्षणाच्या वीसपट) इतक्या मंदनाने, म्हणजे वेग घटण्याच्या दराने, तुटतो, असं धरू. म्हणजे २० किलोचं खोकं ४०० किलोच्या जोराने पुढे दाबतं आणि तीन खोकी मिळून १२०० किलोच्या. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक १७ मध्ये सामान अडवण्याबद्दल जी चाचणी आहे, तीत सीटच्या पाठीमागे १८ किलोचे दोन ठोकळे ठेवतात, पाठीपासून २० सेंमी अंतरावर. म्हणजे एकूण ३६ किलो. तुमची नुसती पुस्तकंच त्याच्या दीडपटीहून जास्त आहेत. पाठ टेकू म्हणून चांगली, पण एकटीच्या भरवशावर ६० किलो सोडू नका.

सगळ्यात जास्त घात करते ती मधली फट. खोकं आणि पाठ यांच्यात ३० सेंमी मोकळे राहिले तर वरच्याच हिशेबाने खोकं पाठीवर आदळताना त्याचा सापेक्ष वेग ताशी ३९ किमीच्या आसपास असतो. फट नसेल तर ते आदळत नाही, फक्त दाबतं. म्हणून खोकी पाठीला घट्ट भिडवा, मागून सुटकेसा आडव्या टेकवा, आणि राहिलेल्या पोकळीत तंबू, चटया असलं मऊ सामान कोंबा. सायकलची पॅडल काढून किंवा दुमडून, साखळीची बाजू कापडात गुंडाळून, एका कडेला खाली. काचेला टेकेल असं काही ठेवू नका, मागच्या काचेवरच्या गरम होणाऱ्या तारा खोक्याच्या कोपऱ्याने सहज खरवडल्या जातात.

दोरखंड

वरच्यात बांधण्याचं राहिलं, ते सांगतो.

डिकीच्या तळाला चार कड्या असतात, काही गाड्यांत झाकणाखाली लपलेल्या. त्यांच्यावरचा भार मॅन्युअलमध्ये दिलेला असतो, तो बघून घ्या. पट्टा रॅचेटचा (दांडी मागेपुढे करून ताणायचा) किंवा दाताच्या बकलचा घ्या, रबरी लवचिक दोऱ्या नकोत. ताणून बांधल्यावर घट्ट वाटतात, पण जोर आला की आणखी लांबतात.

नुसता वरून दाबणारा पट्टा पुढे जाणारं सामान फारसं अडवत नाही. हाताने जेमतेम ताणलेल्या पट्ट्याचा खालचा दाब घर्षण थोडंसंच वाढवतो. पुठ्ठा आणि गालिचा यांच्यातलं घर्षण कमी, ०.३ ते ०.५ धरा. जोरात ब्रेक मारला की मंदन ०.८ जीच्या पुढे जातं, म्हणजे धडक लांबच, नुसत्या ब्रेकनेही खोकी सरकतात. खाली रबराची न घसरणारी चटई टाकली की घर्षण ०.६ पर्यंत येतं, तेवढ्याने रोजचं सरकणं थांबतं.

पुढे जाणं अडवायचं तर पट्टा सामानाच्या पुढच्या तोंडावरून, म्हणजे सीटच्या पाठीकडच्या बाजूने वळवून, दोन्ही टोकं मागच्या कड्यांना आणायची. हे बरेचजण उलटं करतात. सामानाच्या मागून पट्टा घेऊन पुढच्या कड्यांना बांधला तर तो फक्त मागे सरकणं थांबवतो. हा पुढचा फास खोकी लावायच्या आधीच अंथरून ठेवावा लागतो, नंतर हात पोचत नाही. पट्टा खोक्याच्या वरच्या तिसऱ्या भागातून जाऊ द्या, तळाशी नको, नाहीतर खोकं त्याच्यावरून कोलमडेल. त्यावरून आणखी एक पट्टा कड्यांना तिरपा, फुलीसारखा, वरून उसळी रोखायला.

सामान सीटच्या पाठीच्या वर जाणार असेल तर जाळी लावा. छतात तिचे दोन खाचे असतात, खालचे पट्टे तळाच्या कड्यांना. पण जाळीवर भिस्त ठेवून जड वस्तू वर रचू नका. संयुक्त राष्ट्रांच्या त्याच नियमात अशा आडपडद्याची चाचणी १० किलोच्या ठोकळ्याने होते. डिकीवरचा गुंडाळायचा पडदा तर सामान धरायला मुळीच नाही, तो फक्त नजरेआड करायला. त्यावर छत्री, टॉर्च, पाण्याची बाटली असं काही ठेवू नये.

स्टेपनी, जॅक आणि गाडी बंद पडल्यावर रस्त्यावर ठेवायचा त्रिकोण तळाखाली असतील तर त्रिकोण आणि प्रथमोपचार पेटी आधीच वर काढून दाराजवळ ठेवा.

बाळाचीसीट

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: पाडू नका. ४० चा भाग खाली गेला की ६० मध्ये बाहेरची एक आणि मधली एक अशा दोनच जागा उरतात. आयसोफिक्सच्या कड्या बहुतेक गाड्यांत फक्त बाहेरच्या दोन जागांना असतात, मग बूस्टर मधोमध येतो. ती जागा अरुंद, शेजारी बाळाच्या सीटचं कवच, बकलला हात पोचत नाही आणि बकल बूस्टरच्या कडेखाली दबतं. त्यातून २.१ मीटरचं खोकं मुलाच्या डोक्याशेजारून पुढे येणार. तो पर्याय सोडून द्या.

बाळाची सीट ड्रायव्हरच्या नव्हे, शेजारच्या सीटच्या मागे. पाठमोऱ्या सीटला पुढे जागा जास्त लागते आणि मागेपुढे सरकायची मोकळीक शेजारच्याला असते, ड्रायव्हरला नसते. सीटचा पाय टेकतो तिथे तळाखाली कप्पा आहे का, पाहा. असेल तर त्याच्या झाकणावर पाय टेकवायचा की नाही हे गाडीच्या आणि सीटच्या दोन्ही मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं.

बूस्टरला पाठ आहे, मग गाडीचं हेडरेस्ट त्याला पुढे ढकलतंय का तपासा. ढकलत असेल तर हेडरेस्ट काढा, पण ते डिकीत सुटं फेकू नका, सुटकेसच्या पट्ट्यात अडकवा. कधी पुढे तोंड असलेली सीट वरच्या पट्ट्याने बांधणार असाल तर इस्टेटमध्ये त्याची कडी पाठीच्या मागे, डिकीच्या तळाला किंवा छतात असते. तळाला असली तर पट्टा सामानातून जातो, आणि त्यावर खोकं टेकलं की ताण बदलतो.

एक गोष्ट विसरली जाते. काही इस्टेट गाड्यांत मागच्या पाठीचा कोन बदलता येतो, जागा वाढवायला ती उभी करता येते. मुलाची सीट बसवल्यानंतर पाठ हलवली तर ती सैल पडते किंवा तिरकी होते. पाठ आधी, सीट नंतर.

चौथागिअर

खूप आभार. कळलं, लांब खोकं आत नाही. छतावर टाकू का? आणि एके ठिकाणी वाचलं की रिकाम्या सीटचे बेल्ट फुलीसारखे उलटसुलट लावून ठेवले की पाठ मजबूत होते. खरं का?

दोरखंड

छतावर टाका. छताची मर्यादा अनेक गाड्यांत ७५ ते १०० किलो असते आणि तिच्यात बारचं वजनही धरायचं. २२ अधिक बारचे ५-६, काही अडचण नाही. पुठ्ठ्याचं खोकं तसंच नको, पाण्यात विरघळतं आणि वाऱ्यात फाटतं. फळ्या बाहेर काढून जाड प्लास्टिकमध्ये बांधा. बारना दोन पट्टे, शिवाय पुढच्या टोकाला एक दोरी खाली, कारण पुढचं टोक वाऱ्याने उचललं जातं. पट्ट्याला एक पीळ द्या, म्हणजे तो वाऱ्यात भुणभुणत नाही. थोडं अंतर गेल्यावर थांबून पुन्हा ताणा, पहिल्या काही किलोमीटरमध्ये सगळं बसतं आणि ढिलं होतं.

एक्सलवाला

बेल्टचं खरं आहे, पण अर्धंच. बाहेरच्या सीटच्या बेल्टचं रीळ बहुधा गाडीच्या अंगात बसवलेलं असतं, त्यामुळे लावलेला बेल्ट पाठीला मागे ओढून धरतो. मधल्या सीटचं रीळ अनेक गाड्यांत पाठीतच असतं. तो लावून पाठीला आधार मिळत नाही, तो पाठीबरोबर पुढे जातो. शिवाय तुमच्या गाडीत बाहेरच्या दोन्ही जागांवर मुलं आहेत, म्हणजे तिथे फुली जमणारच नाही. मागे कुणी नसताना, डिकी भरलेली असताना मात्र डावा बेल्ट उजव्या बकलला आणि उजवा डाव्याला लावून ठेवा, फुकटचा आधार आहे.

त्याहून मोठं काम म्हणजे पाठ नीट अडकली आहे की नाही ते बघणं. पाठ पाडून परत उभी करताना हे गडबडतं: हेडरेस्ट खाली न करता पाडली तर ते पुढच्या सीटला अडतं, आणि उभी करताना बेल्ट खटक्यात चिमटला जातो. तेव्हा पुढची सीट पुढे, हेडरेस्ट खाली, बेल्ट बाजूच्या क्लिपमध्ये, मग पाठ. काही गाड्यांत आधी बसायची गादी उचलावी लागते. उभी केल्यावर खट् आवाज झाला तरी समाधान मानू नका. खटक्याजवळचं लाल चिन्ह गेलं आहे का पाहा आणि पाठीचा वरचा कडा धरून जोरात पुढे ओढा. अर्धवट अडकलेली पाठ नुसत्या ब्रेकनेही सुटू शकते.

मागचाआरसा

तिसरा प्रश्न राहिला. नाही, सामानासाठी ड्रायव्हरची सीट हलवायची नाही. आधी ती लावा, मग उरेल त्यात सामान.

क्रम: कंबर पाठीला घट्ट टेकवून बसा. ब्रेक पूर्ण दाबला तरी गुडघ्यात वाक राहील इतकं अंतर ठेवा, साधारण १२० अंशांचा. उंची अशी की डोक्यावर मूठभर जागा राहील आणि बॉनेट दिसेल. मग पाठीचा कोन: खांदे टेकलेले असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पोचलं पाहिजे. छाती आणि स्टिअरिंगच्या मध्यात किमान २५ सेंमी ठेवा, कारण एअरबॅगला फुगायला जागा लागते. सीट पुढे घेतली की नेमकं हेच कमी होतं. हेडरेस्टचा वरचा कडा डोक्याच्या माथ्याशी, मागचं अंतर दोन-तीन बोटं. खांद्यावरचा बेल्ट हाडाच्या मधोमध. गुडघ्यामागे दोन-तीन बोटं मोकळी.

सीट पक्की झाल्यावर आरसे. आतल्या आरशात डिकीचं सामान दिसत असेल आणि रस्ता नसेल, तर बाहेरचे दोन्ही आरसे नीट लावा आणि मागे घेताना उतरून पाहा.

टायरमधली हवा थंड असताना भरा. दाराच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणामागे दोन आकडे असतात, अर्ध्या भाराचा आणि पूर्ण भाराचा. तुम्हाला दुसरा लागेल, मागच्या चाकांचा बहुधा जास्त असतो. हेडलाइटची उंची बदलणारी चकती असेल तर भार भरल्यावर खाली आणा.

आणि लांब सामानासाठी मागचं दार उघडं ठेवून, दोरीने बांधून चालवायचा विचार कुणी सुचवला तर नको. मागे हवेचा कमी दाब होतो आणि धुराड्यातला धूर आत ओढला जातो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.