पोरीला इंग्लिश कविता म्हणायचीय, पण हसवणारी पायजे. कुणी सुचवा की

रंकाळा_संध्याकाळी
नमस्कार मंडळी. मी कोल्हापूर, मंगळवार पेठ. पोरगी सहावीत आहे, पुढच्या महिन्यात शाळेत कविता म्हणायची स्पर्धा, वेळ तीन मिनिटं, अट एवढीच की कविता ब्रिटिश माणसाची पाहिजे. गेल्या वर्षी डॅफोडिल्स म्हणणारी सात पोरं होती, मी मोजलीत. सातवं उठलं तेव्हा परीक्षक बाईंनी पर्समधनं लिमलेटची गोळी काढून तोंडात टाकली. तेव्हाच ठरवलं, आमची पोरगी हसवणार.
शोधता शोधता स्पाइक मिलिगनची ती निंग नँग नाँगवाली कविता सापडली. गायी बाँग करतात, माकडं बू म्हणतात, चहाच्या किटल्या गप्पा हाणतात, आणि संपलं. मला खरं सांगायचं तर झेपली नाही, पोरगी मात्र दुसऱ्या ओळीलाच फुटती आणि पुढचं काही म्हणतच नाही, पोट धरून बसती. ऑफिसातले एक साहेब म्हणाले असलं पांचट काय देताय, काहीतरी अर्थपूर्ण द्या. तर प्रश्न असा, की असल्या कविता इंग्रजांकडं खऱ्या कविता म्हणून धरतात का, की नुसता टाइमपास? आणि म्हणायच्या कशा?

नगरी_भेळ
दादा, मिलिगन आमचा नगरचा आहे हो! चेष्टा नाही. १६ एप्रिल १९१८ ला अहमदनगरला जन्म, बाप ब्रिटिश लष्करात होता. लहानपणीची शाळा पुण्यात कॅम्पातल्या कॉन्व्हेंटमधे, मग रंगून, आणि इंग्लंड दिसलं ते थेट मिसरूड फुटायच्या वयात. पुढं पीटर सेलर्स, हॅरी सीकम वगैरेंबरोबर बीबीसी रेडिओवर 'द गून शो' हा विनोदी कार्यक्रम केला, १९५१ ते १९६०, त्यातलं बहुतेक लिखाण ह्याचंच. ही कविता १९५९ च्या पुस्तकातली, आणि १९९८ मधे तिकडं लोकांनी मतं देऊन हिलाच देशाची सगळ्यात लाडकी विनोदी कविता ठरवली. तेव्हा साहेबांना सांगा, टाइमपास म्हणायला हरकत नाही, पण अख्ख्या देशाचा.
माणूस आयुष्यभर डिप्रेशनशी झगडत होता हेही खरं. आणि थडग्यावर काय लिहिलंय माहितीये? 'मी म्हटलं होतं ना मला बरं नाहीये.' तेही आयरिश भाषेत, म्हणजे बघायला आलेल्या निम्म्या इंग्रजांना कळूच नये.

शंकासुर_४१६
मी साहेबांच्या बाजूनं. स्पर्धेत मार्क अर्थाला, भावाला मिळतात. किटल्या बडबडतात ह्यात भाव काय दाखवणार पोरगी? उगाच लेकराला नाउमेद व्हायला लावू नका.

कट_जास्त_द्या
@शंकासुर भावा, 'अटक मटक चवळी चटक' ह्यात कुठला भाव हाय? 'अडगुलं मडगुलं' चा अर्थ सांग, मिसळ माझ्याकडनं. सगळा महाराष्ट्र त्यावर मोठा झालाय.

पेन्शनर_मास्तर
चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, म्हणून जरा लांबण लावतो, माफ करा.
पोरगी स्वतः हसते हीच गोची आहे. ह्या कविता वाचायच्या नाहीतच मुळी, त्या स्टेजवर उभं राहून म्हणायच्या, आणि म्हणणाऱ्यानं चेहऱ्यावरची माशीसुद्धा हलू द्यायची नाही. म्हणून सांगतो, मिलिगन राहू दे, 'द लायन अँड अल्बर्ट' घ्या. लिहिली मॅरियट एडगरनं, गाजवली स्टॅन्ली हॉलोवेनं, साल १९३२. हॉलोवे म्हणजे 'माय फेअर लेडी' मधला फुलवालीचा बाप, ज्या नाटकावरनं आपली 'ती फुलराणी' झाली तोच गोतावळा.
गोष्ट अशी. रॅम्सबॉटम नावाचं जोडपं पोरगं अल्बर्टला घेऊन ब्लॅकपूलला समुद्रावर जातं. लाटा बारक्या, कुणी बुडत नाही, काही गंमतच नाही, म्हणून प्राणीसंग्रहालयात जातात. तिथं वॉलेस नावाचा सिंह गपगार पडलेला. अल्बर्टनं ऐकलेलं असतं की सिंह लई डेंजर असतात, आणि हा तर काहीच करत नाही, म्हणून तो हातातली घोड्याच्या मुंडक्याच्या मुठीची काठी घेतो आणि सरळ सिंहाच्या कानात घालतो. सिंह पोरगं गिळतो. आता इथं दुसरा कवी असता तर रडारड केली असती. इथं बाप आईला सांगतो, अगं, त्या सिंहानं अल्बर्टला खाल्लं. आई म्हणते, काय वैताग आहे! मग दोघं रीतसर तक्रार करायला जातात. रखवालदार विचारतो, नक्की तुमचाच पोरगा का? बाप म्हणतो, म्हणजे काय, ही बघा त्याची टोपी. मॅनेजर पाकीट काढतो, मिटवायला किती घ्याल? तर बाप विचारतो, नेहमी किती देता?
ह्या 'नेहमी' वर सगळी कविता उभी आहे. तिथं हसलं की मेली. हॉलोवे हे सगळं वीजबिल वाचून दाखवावं तसं म्हणायचा, ओळ संपली की थांबायचा, लोकांना हसू द्यायचा आणि लोक का हसतायत हे आपल्याला कळलंच नाही असा चेहरा करायचा. दुसरी गंमत, बोली उत्तरेकडच्या लँकशायरची, आणि हा गडी पक्का लंडनचा! म्हणजे सदाशिव पेठेतल्या माणसानं 'व्हय की रं' म्हणत फड जिंकावा तसं झालं.
म्हणून पोरीला सांगा, शाळेतला कॉन्व्हेंटी आवाज नको. शेजारच्या काकू नळाला पाणी आलं नाही हे ज्या आवाजात सांगतात त्या आवाजात म्हण. तीन मिनिटांत बसवायला मधली चारपाच कडवी गाळावी लागतील, पण टोपीचं आणि पैशाचं गाळू नका.

कट_जास्त_द्या
मास्तर नाद खुळा!! ह्याचं कोल्हापुरी करायला पायजे राव. रॅम्सबॉटमच्या जागी आपले कुणीतरी पाटील, ब्लॅकपूलच्या जागी रंकाळा, पोरगं भेळ खातंय आणि म्हणतंय पाण्यात कोण पडंना झालंय. सिंह कुठनं आणायचा पण? साठमारीतला, म्हणजे पूर्वीच्या हत्तींच्या खेळातला, हत्ती घ्यावा म्हटलं, तर हत्ती गिळणार न्हाई, तुडवणार. इस्कोट झाला सगळा.

पेन्शनर_मास्तर
@कट_जास्त_द्या सर्कस आणा की गावात. सिंह फुकट.

शाहूपुरीची_सून
ताईंना, म्हणजे पोरीच्या आईला, विचारलंय का कुणी? सिंहानं पोर खाल्लेलं काही घरांत चालत नाही, माझ्या सासूबाईंनी तर टीव्ही बंद केला असता. तसं असेल तर पॅम एअर्स बघा. खेड्यातली बाई, १९७५ मधे टीव्हीवरच्या टॅलेंट शोमधनं पुढं आली, आणि तिची दातांवरची कविता आहे, दात जपले असते तर बरं झालं असतं म्हणून डेंटिस्टच्या खुर्चीत बसून पस्तावणारी. गावाकडच्या हेलात म्हणते, मस्त वाटतं. सहावीतल्या पोरीला चॉकलेटं आणि दातांचं दुखणं कळतं, अभिनय शिकवावा लागणार नाही.
आणि मोठ्यांसाठी एक सांगूनच टाकते. लिमरिक, म्हणजे पाच ओळींची गमतीची कविता, घराघरांत नेणारा तो एडवर्ड लिअर, मूळचा चित्रकार, व्हिक्टोरिया राणीला चित्रकला शिकवून आलेला, तो १८७३ ते ७५ हिंदुस्थानात फिरत होता. इकडचे शब्द कानावर पडले, आणि त्यानं मुद्दाम भलतेच अर्थ लावून 'द कमरबंड' ही कविता केली, १८७४ मधे मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियात छापून आली. त्यात बाई धोबीवर बसून चांदणी बघते. खानसामे म्हणजे उंच उंच झाडं. आणि नदीत सोनेरी परांचे चपराशी पोहतायत! कमरबंड हा राक्षस, तो शेवटी बाईला खातो. इंग्रज वाचकाला हे नुसते गोड आवाज वाटत असणार, खरी मजा आपल्यालाच, कारण चपराशी कसा असतो हे आपल्याला माहीत आहे. मी हे बँकेत जेवणाच्या सुट्टीत वाचून दाखवलं तर आमचे शिपाईमामाच सगळ्यात जास्त हसले, आणि दिवसभर कुणी हाक मारली की 'पोहत येतो' म्हणत होते.

शंकासुर_४१६
चपराशीवालं भारी आहे, मान्य. पण मार्कांचं माझं मत तेच.

रंकाळा_संध्याकाळी
सगळ्यांचे आभार. बायकोनं अल्बर्टच पास केला, ताई तुमची दातांची पुढच्या वर्षीला ठेवलीय. मास्तर, नळाच्या पाण्याची आयडिया जबरी निघाली, आमच्या गल्लीत सराव करायला लांब जावं लागत नाही. अजून 'नेहमी किती देता' ला ओठ हलतात तिचे, म्हणून आता समोर आरसा ठेवून चाललंय.
काल रात्री जेवणं झाल्यावर आईसमोर म्हणून घेतली. आईला इंग्लिशचं एक अक्षर येत नाही, पण ती पोरीच्या तोंडाकडं बघत पदरात हसत होती. मग मी कडव्याकडव्याला मराठीत सांगत गेलो, पोरगं गेलं, टोपी राहिली वगैरे. आई जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "आणि तिकिटाचं पैसं? ते तरी दिलं का माघारी?"
मी पुस्तक उघडून पोरीला दाखवलं. ते कडवं आम्ही वेळेसाठी गाळलं होतं. अल्बर्टची आईपण तेच म्हणते, पैसे भरून आत आलो आणि वर सिंहानं पोरगं खाल्लं.
परत घातलंय ते. समुद्राचं एक कमी केलं.