कृष्णाकाठच्या विहिरी: एकाच पाण्याचं नायट्रेट 14 की 62?

कृष्णाकाठ_पाणी

नमस्कार मंडळी. सांगली जिल्हा, नदीकाठचं गाव. 11 विहिरी आणि 4 बोअर आहेत, भोवती ऊस आणि मधून सांडपाण्याचा ओढा जातो. पिण्याच्या विहिरीचं एकाच दिवशी काढलेलं पाणी दोन प्रयोगशाळांत दिलं. एकीने नायट्रेट 14 लिहिलं, दुसरीने 62. खरं कुठलं मानायचं? कोण म्हणतं खत, कोण म्हणतं गटार, तर कोण कारखान्याच्या मळीचं पाणी. ग्रामपंचायतीला वर्षभर तपासणी ठेवायची आहे. काय, कधी, कसं मोजायचं? तोवर ब्लीचिंग पावडर पुरेल का?

मुरूम_ते_पाषाण

बहुतेक दोन्ही खरे आहेत. पहिला अहवाल काढून एकक नीट वाचा. काही ठिकाणी नायट्रेट 'नायट्रोजनच्या रूपात' लिहितात, त्याला 4.43 ने गुणलं की पूर्ण नायट्रेट मिळतं. 14 गुणिले 4.43 म्हणजे 62. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस 10500) मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे, ती पूर्ण नायट्रेटची, आणि त्यात सवलत नाही. म्हणजे ही विहीर मर्यादेबाहेर आहे.

धन-ऋण आयनांचा ताळा (विरघळलेल्या क्षारांतल्या धन आणि ऋण भारांची बेरीज सारखी यायला हवी) बघून ही चूक पकडता येईल असं वाटतं, पण ती निसटते. 62 मिलिग्रॅम नायट्रेट म्हणजे 1 मिलिइक्विव्हॅलंट (हा भार मोजायचं एकक), 14 धरलं तर 0.23. फरक 0.77. दोन्ही बाजूंना 15-15 असलेल्या पाण्यात ही तूट अडीच टक्क्यांच्या आसपास भरते आणि 5 टक्क्यांपर्यंतचा ताळा सगळे चालवून घेतात. म्हणून एकक अहवालात शब्दांत लिहून मागा.

ब्लीचिंग पावडरने जंतू मरतात, नायट्रेट तसंच राहतं. पाणी उकळलं तर उलट वाढतं, कारण पाणी उडतं आणि क्षार मागे उरतात. नायट्रेटचा धोका तान्ह्या बाळांना सर्वांत जास्त, म्हणून वरचं दूध पिणाऱ्या सहा महिन्यांच्या आतल्या बाळांच्या घरी हे आजच जाऊन सांगा. दूध या पाण्यात कालवू नये.

निरीक्षण_विहीर

तपासणी बिघडते ती बहुधा नमुना घेतानाच. पंधराच्या पंधरा ठिकाणी लगेच हात घालू नका. 6 निवडा: पिण्याची विहीर, ओढ्यालगतची एक, उसातली एक, चढावरची एक स्वच्छ समजली जाणारी, नदीलगतची एक आणि एक बोअर. मग तीच ठेवा, दर वेळी बदलू नका.

विहिरीच्या कठड्यावर रंगाने कायमची खूण करा. पातळी नेहमी त्याच खुणेपासून टेपने मोजायची, मोटर बंद करून काही तासांनी, शक्यतो पहाटे. आदल्या रात्रभर उपसा झाला असेल तर तसं वहीत लिहा. ओव्हरसिअरकडून सगळ्या खुणांची उंची एकदा लेव्हलने काढून घ्या. तीन विहिरींच्या पातळ्या एका पायावर आल्या की भूजल कुठून कुठे जातं ते कागदावर दिसतं. पुरात नदी विहिरींत पाणी ढकलते, ओसरल्यावर विहिरी नदीकडे पाझरतात, आणि बंधाऱ्याला फळ्या घातल्या की उन्हाळ्यातही काठाचा उतार बदलतो. एका महिन्याच्या नकाशावर कुणाला दोषी धरू नका.

बोअरचं साचलेलं पाणी आधी काढून टाका. साडेसहा इंची बोअरमध्ये मीटरला साधारण 21 लिटर मावतं. पाण्याचा स्तंभ 40 मीटर असेल तर 840 लिटर, त्याच्या तिप्पट म्हणजे अडीच हजार. मिनिटाला 100 लिटर देणारी मोटर 25 मिनिटं चालवा. शेवटी पाच-पाच मिनिटांनी विद्युतवाहकता (यावरून क्षार किती ते कळतं) आणि सामू (pH) बघा. आकडे स्थिरावले की मगच बाटली भरायची, तीही टाकीच्या नळाऐवजी मोटरच्या तोंडाशी. विहिरीत पोहरा वरवर फिरवू नका, भिंतीपासून लांब, फूटभर खालचं पाणी घ्या. वापरात नसलेली विहीर निवडू नका, साचलेल्या पाण्यात नायट्रेट आपोआप घटतं आणि आकडा फसवतो.

नायट्रेटची बाटली बर्फाच्या पेटीत ठेवून 48 तासांच्या आत पोचवा. जंतूंसाठी निर्जंतुक बाटली वेगळी लागते, ती त्याच दिवशी द्या. मे आणि ऑक्टोबरला पूर्ण तपासणी करा. दर महिन्याला पातळी, वाहकता आणि किटवर नायट्रेट एवढं पुरे. पूर आला तर ओसरल्यावर जादाची एक.

चोपण_जमीन

स्रोत एका आकड्यावरून ओळखत नाहीत, जोड्या बघतात. नायट्रेटबरोबर क्लोराइड वाढलं आणि ई-कोलाय (विष्ठेतला जंतू) निघाला तर आधी गटार, शोषखड्डे, गोठे तपासा. पहिल्या पावसानंतर नायट्रेट उसळलं आणि जंतू नाहीत, तर युरियाकडे बघा. पोटॅशवाल्या खतातही क्लोराइड असतं, म्हणून एकट्या क्लोराइडवर जाऊ नका. मळीच्या पाण्यात पोटॅशियम प्रचंड असतं आणि रंग चहासारखा, पण आपली काळी माती पोटॅशियम धरून ठेवते. क्लोराइड आणि रंग विहिरीत आधी पोचतात. पोटॅशियम कमी आलं म्हणून मळी नाही असं म्हणू नका, सीओडीही (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) करून घ्या.

सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेटही मागवा. वाहकता 2250 (मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर) च्या वर गेलेलं पाणी उसाला देत राहिलात तर जमीन खारवट होते, आणि शिल्लक कार्बोनेट (कॅल्शियम-मॅग्नेशियम वजा जाऊन उरलेलं) लिटरला अडीच मिलिइक्विव्हॅलंटच्या पुढचं असेल तर चोपण, म्हणजे सोडियमने घट्ट झालेली. मग निचऱ्याचे सच्छिद्र पाईप घालायला होणारा खर्च विचारू नका.

कलम_24

जल अधिनियम 1974 नुसार विहिरीत घाण सोडायलाही बंदी आहे, आणि 'प्रवाहा'च्या व्याख्येत भूगर्भातलं पाणीही येतं. पण तुमच्या बाटलीचा अहवाल कोर्टात पुरावा ठरत नाही. सांडपाण्याचा नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने कलम 21 प्रमाणे नोटीस देऊन घ्यावा लागतो. तक्रारीला वही, नकाशा आणि तारखांसह अहवाल जोडा.

कृष्णाकाठ_पाणी

पहिल्या अहवालात बारीक अक्षरांत 'नायट्रोजन म्हणून' आहे! मग पिण्याचं काय करू? नदीच्या योजनेचं शुद्ध पाणी जवळच्या टाकीत येतं.

मुरूम_ते_पाषाण

बाळांच्या घरांना फक्त योजनेचंच पाणी द्या. ते तेवढं पुरत नसेल तर बाकीच्यांसाठी मिसळता येईल. आधी योजनेच्या पाण्यातलं नायट्रेट तपासा. ते 5 निघालं तर 3 भाग विहीर आणि 2 भाग योजनेचं पाणी मिळून 39 येतं. विहिरीचा आकडा 70 झाला तर हेच मिश्रण 44 वर जातं, तेव्हा प्रमाण अर्धं-अर्धं करा. दोन्ही पाईपना मीटर बसवा, व्हॉल्व्ह अंदाजाने फिरवून प्रमाण राहत नाही. दोन्ही पाणी मिसळून झाल्यावर मगच क्लोरीन टाका.